जळालेलं ऊन

पुण्याच्या आसपास चाललेल्या कुठल्याही नव्या स्कीमचं ब्रोशर उघडा. पाच-सहा पानं उलटली की एक हॉल येतो. बेज रंगाचा एल आकाराचा सोफा, त्यावर कोणीच कधी न टेकलेल्या उशा, टीपॉयवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वाडग्यात हिरवी सफरचंदं. कोपऱ्यात मोठ्या पानांचं ते एक ठरलेलं झाड. बाल्कनीच्या सरकत्या काचेतून ऊन आत आलेलं असतं. ते फरशीवर पडलंय असं म्हणावं तर तिथे फरशीच दिसत नाही. एक पांढरा चौकोन दिसतो. त्यात टाइल्सचे सांधे नाहीत, रंग नाही, चकाकीसुद्धा नाही. पडद्याची अर्धी कड त्या पांढऱ्यात विरघळून गेलेली. बाहेर समोरची बिल्डिंग आहे, झाड आहे की नाला आहे, काही कळत नाही, कारण बाहेरही पांढरंच. आणि पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: 'आर्टिस्ट्स इम्प्रेशन'.

हे दोन शब्द मला फार आवडतात. ते वकिलाने सुचवलेले असणार हे उघड आहे. पण शब्दशः घेतले तर त्यांचा अर्थ असा होतो की हे एक चित्र आहे, ते एका कलावंताने काढलंय आणि त्याला ती जागा जशी जाणवली तशी त्याने दाखवली आहे. ठीक. मग त्याची चित्र म्हणून समीक्षा व्हायला हवी. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात चार माणसांनी मिळून निरखलेलं, झूम करून पाहिलेलं, नातेवाइकांना फॉरवर्ड केलेलं आणि ज्याच्याकडे बघत वीस वर्षांचं कर्ज काढलेलं एकमेव चित्र हेच असतं. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर लिहिणारे लोक आहेत. यावर कोणी लिहीत नाही.

माझ्यापुढे जे ब्रोशर आहे ते मावशीने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं. काका निवृत्त झालेत, दोघांनी मिळून टू बीएचके बघितलाय, पाचवा मजला. मी पोटापाण्यासाठी बँकेचं सॉफ्टवेअर लिहिते. थ्रीडी रेंडरिंग हा शनिवार-रविवारचा नाद. पण नातेवाइकांच्या लेखी कॉम्प्युटरवाली ती कॉम्प्युटरवाली. पीडीएफच्या खाली मावशीचा प्रश्न होता: "अगं, हॉलमध्ये खरंच एवढं ऊन येईल का? तुळस तिथेच ठेवावी म्हणते."

त्या प्रश्नाकडे येते. आधी त्या पांढऱ्या चौकोनाकडे.

*

भर दुपारचं थेट ऊन साधारण एक लाख लक्स असतं. संध्याकाळी दिवे लावलेल्या आपल्या हॉलमध्ये शंभर-दोनशे लक्स असतात. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात दिवसाही फार नसतात. म्हणजे एकाच खोलीत, चार पावलांच्या अंतरात, उजेडात शेकडो पटींचा फरक. आपल्याला तो जाणवत नाही, कारण डोळा सतत जुळवून घेत असतो. आपण उन्हाकडे पाहतो तेव्हा कोपरा विसरतो, कोपऱ्याकडे पाहतो तेव्हा ऊन विसरतो. आणि नंतर मेंदू सांगतो की मी दोन्ही एकदमच पाहिलं.

स्क्रीनला ही सोय नाही. फोनवरच्या साध्या फोटोत प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५. त्याच्या पलीकडे काही नाही. रेंडर करणारं सॉफ्टवेअर आतमध्ये मात्र खरा हिशोब करतं. तिथे उन्हातल्या फरशीचा आकडा कोपऱ्यापेक्षा पाचशे पट असू शकतो. तो बाहेर काढताना जे मावत नाही ते कापलं जातं. याला क्लिपिंग म्हणतात, आणि ते तुम्हाला कानाने माहीत आहे. गणपतीत भिंतीएवढे स्पीकर क्षमतेपलीकडे वाजवले की आवाज 'फाटतो', म्हणजे लाटेचे माथे सपाट कापले जातात. त्या चौकोनात ऊन फाटलेलं असतं. फोटोग्राफर 'जळालंय' म्हणतात.

जळताना आधी रंग जातो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. समजा, जुन्या घरातला लाल कोबा आहे आणि त्यावर ऊन आहे. हिशोबात लाल ३, हिरवा ०.९, निळा ०.५ असे आकडे आले, आणि स्क्रीनची मर्यादा आहे १. लाल कापून १ झाला, बाकीचे तसेच राहिले. आता प्रमाण झालं १, ०.९, ०.५. हा लाल रंगच नाही, हा हापूसचा पिवळा आहे. ऊन आणखी वाढवा, तो पांढरा होईल. कोबा उजळला असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात कोबा निघून गेलेला असतो आणि त्याजागी तीन कापलेले आकडे बसलेले असतात.

यावर उपाय फार आधीपासून आहेत. एरिक राइनहार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडलेली पद्धत तर सरळ ॲन्सेल ॲडम्सच्या झोन सिस्टिमवर बेतलेली आहे. डोंगरावरचा बर्फ आणि दरीतली सावली एकाच कागदावर कशी बसवायची यासाठी त्या फोटोग्राफरने केलेला विचार, तोच आकड्यांत. माथे कापायचे नाहीत, हळूहळू वाकवायचे. ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरते. त्यात २०१७ साली ट्रॉय सोबोत्का याचं 'फिल्मिक' आलं आणि २०२३च्या ४.० आवृत्तीत त्याच्याच विचारातून आलेलं 'एजीएक्स' हा नेहमीचा पर्याय झाला. यात खूप तेजस्वी रंग पिवळा होऊन न कापला जाता फिकट होत होत पांढऱ्याकडे जातो, फिल्मवर जायचा तसा. म्हणजे 'स्टँडर्ड'वरून 'एजीएक्स'वर जाणं ही एक क्लिक आहे. तरीही ब्रोशरमधलं ऊन जळतंच. ते क्लिकवर सुटत नाही, कारण अडचण मुळात ठरवण्याची आहे.

*

जळालेलं ऊन दिसलं की नवशिक्याला पहिला सल्ला मिळतो: सूर्य कमी करा. सनची स्ट्रेंग्थ खाली आणा. २०२० साली ब्लेंडरमध्ये निशिता स्काय आलं (वातावरणात प्रकाश कसा विखुरतो यावर मूलभूत काम केलेल्या तोमोयुकी निशिता या जपानी संशोधकाच्या नावाचं) तेव्हा हा सल्ला जास्तच ऐकू यायला लागला. कारण या आकाशातला सूर्य वास्तवाच्या जवळचे आकडे देतो. ते जोडल्याबरोबर खोली पांढरीफटक होते आणि माणूस घाबरून सूर्याचं बटण शोधतो.

सूर्य कमी केला की चौकोन शांत होतो, फरशीचे सांधे परत येतात. पण खोली अंधारते. मग छतात दोन-चार एरिया लाइट टाकले जातात, जे चित्रात दिसत नाहीत. खोली उजळते, पण आता सोफ्याच्या सावल्या दोन दिशांना. ऊन आहे, पण ट्यूबलाइटच्या ताकदीचं. मग कोणीतरी म्हणतं, उन्हात मजा नाही, सूर्य जरा वाढवा. आठवड्याने चित्र तयार होतं तेव्हा त्यात जळालेला चौकोनही असतो आणि सोफ्याखालीसुद्धा लख्ख उजेड. ब्रोशरमधल्या हॉलची ही दुहेरी गंमत आहे. एकीकडे इतकं ऊन की काही दिसत नाही, दुसरीकडे सावली औषधालाही नाही. खऱ्या जगात या दोन गोष्टी एकत्र येत नाहीत. जिथे ऊन डोळे दिपवतं तिथेच सावली काळी असते.

खोलीचा सगळा स्वभाव गुणोत्तरात असतो: थेट ऊन किती, आकाशाचा उजेड किती, भिंतीवरून परतलेला किती. सूर्य एकटा कमी केला की हे गुणोत्तर मोडतं. म्हणून बटण फिरवायचंच तर कॅमेऱ्याचं, म्हणजे एक्स्पोजरचं. ते फिरवलं की ऊन, आकाश, परतलेला उजेड सगळं एकत्र वर-खाली होतं, नातं टिकतं. पण मग प्रश्न येतो की फिरवायचं कुठवर? उन्हातली फरशी नीट दिसावी म्हणून खाली आणलं तर कोपरा काळोखात जातो. कोपरा दिसावा म्हणून वर नेलं तर फरशी जळते. मध्ये कुठेतरी थांबावं लागतं, आणि कुठे थांबलात यावरून कळतं की या खोलीत तुम्ही कुणाच्या डोळ्यांनी उभे आहात. बाहेरून नुकतेच आत आलेल्याच्या, की तासभर कोपऱ्यात वाचत बसलेल्याच्या. ब्रोशरचा हॉल कुणाच्याच डोळ्यांनी पाहिलेला नसतो.

खोली फटफटीत होण्याचं आणखी एक कारण भिंतींत असतं, आणि ते मला सूर्यापेक्षा जास्त मजेदार वाटतं. पांढरा रंग द्यायचा म्हणून लोक भिंतीला १.० असा आकडा देतात, म्हणजे पडलेला सगळाच्या सगळा उजेड परत. अशी भिंत जगात नाही. ताजी पांढरी भिंत साधारण ०.८ परत करते. फरक किरकोळ वाटतो. पण उजेड खोलीत एकदाच उडी मारत नाही. पहिल्या उडीनंतर ०.८, दुसऱ्या उडीनंतर ०.६४, मग ०.५१... सगळ्या भिंती सारख्या धरल्या आणि खिडकीतून निसटणारा उजेड सोडून दिला, तर बेरीज मूळच्या ५ पट होते. भिंत ०.९५ केली की तीच बेरीज २० पट. आणि १.० केली तर बेरीज संपतच नाही. सॉफ्टवेअर चार-पाच उड्यांनंतर मोजायचं थांबतं म्हणून निभावतं, एवढंच. म्हणजे आपण सूर्याला दोष देत बसतो आणि खोली पांढरी करणाऱ्या असतात भिंती, ज्या कणभर उजेड स्वतःकडे ठेवायला तयार नाहीत. ०.९५चं ०.८ करा, सूर्याला हात न लावता खोलीत कोपरे परत येतात.

खोलीतला हा परतलेला उजेड कॉम्प्युटरवर नीट मोजायची सुरुवात १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठात झाली. एक लाल भिंत, एक निळी भिंत आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या पृष्ठभागांवर उतरलेली त्यांची लाल-निळी छटा. 'कॉर्नेल बॉक्स' म्हणून ती रिकामी पेटी अजून प्रत्येक रेंडररची परीक्षा घेते. त्याच्या अठ्ठावीस वर्षं आधी कलकत्त्यात एका कॅमेरामनने हाच प्रश्न कापडाने सोडवला होता. सत्यजित राय यांच्या 'अपराजितो'साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभं केलं. खऱ्या अंगणात वरून आकाशाचा मऊ उजेड उतरतो. स्टुडिओत वर दिवे लावले की अनेक दिशांना कडक सावल्या पडणार. सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं आणि दिवे खालून त्या कापडावर मारले. परतून आला तो उजेड अंगणाचा. तो सिनेमा फोनवर पाहिलात तरी त्या घरातली हवा कळते. तिथे कोपरे अंधारे आहेत, आणि कोणीही ते उजळायला गेलेलं नाही.

*

मर्यादा सगळ्यांनाच होत्या, म्हणून मला ब्रोशरवाल्यांची दया येत नाही. कागदाची मर्यादा तर स्क्रीनपेक्षा कडक. छापलेल्या कागदावर सगळ्यात उजळ जागा सगळ्यात काळ्या जागेपेक्षा हजारो पट उजळ होऊ शकत नाही, ती मूळ कागदाइतकीच उजळ असते. सावळाराम हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे ते, हातात दिवा घेतलेली स्त्री. अजूनही पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं समजतात. हळदणकर सावंतवाडीचे, चित्र १९४०च्या दशकातलं, आणि जलरंगातलं. जलरंगात उजळायला पांढरा रंग फासत नाहीत, कागद राखून ठेवावा लागतो. म्हणजे सगळ्यात जास्त उजेड कुठे, हे पहिला ब्रश बुडवण्याआधी ठरलेलं हवं.

आता त्यांनी काय केलंय बघा. दिव्याची ज्योत ही चित्रातली सगळ्यात तेजस्वी गोष्ट, जी कागदावर कधीच मावणार नाही. ती त्यांनी तिच्या हाताआड ठेवली. आपल्याला दिसतो तो उजेड परतलेला: बोटांच्या कडांतून पाझरणारा तांबूस, चेहऱ्यावरचा, साडीच्या चुण्यांवरचा, आणि मागे भिंतीवर सावली. ज्योत न दाखवता ज्योत किती तेजस्वी आहे ते कळतं. आजच्या भाषेत सांगायचं तर चित्रात कुठेही क्लिपिंग नाही, आणि तरीही दिवा खरा वाटतो. आपल्या ब्रोशरच्या कलावंताने हे चित्र काढलं असतं तर हात बाजूला केला असता, ज्योतीला ग्लो लावला असता आणि मागच्या भिंतीवरची सावली पुसून टाकली असती. क्लायंटने म्हटलं असतं, अजून जरा ब्राइट करा.

रेंडरिंगच्या जगातही असं काम झालेलं आहे. ॲलेक्स रोमन या नावाने काम करणाऱ्या स्पॅनिश माणसाने २००९ साली 'द थर्ड अँड द सेव्हन्थ' ही बारा-एक मिनिटांची फिल्म जवळजवळ एकट्याने केली. लुई कानचं एक्सेटरचं ग्रंथालय आणि अशाच काही नामांकित वास्तू, सगळं कॉम्प्युटरवर. त्यातही ऊन जळतं. पण एका कडेला, एका क्षणी, आणि बाकी अख्खी चौकट अंधाराला सोडून दिलेली असते, त्यामुळे ते जळणं तुम्हाला खोलीत उभं करतं. दुर्दैवाने तिच्यानंतर आलेल्यांनी तिच्यातलं धूसर तेज तेवढं उचललं आणि अंधार तिथेच ठेवला.

म्हणून जळणं हा दोष आहे असं मी म्हणणार नाही. कोकणात आमच्या आजोळी, म्हणजे मावशी जिथे वाढली त्या घरात, खळ्यातून पडवीत, पडवीतून ओटीवर, ओटीवरून माजघरात असं आत जाताना उजेड पायरी-पायरीने उतरायचा. बाहेरच्या उन्हातून थेट माजघरात कोणी येत नसे. डोळ्याला तीन टप्पे मिळायचे. टोन मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये यायच्या कितीतरी आधी ते घराच्या आराखड्यात होतं. आणि माजघराच्या छपरात एक काचेचं कौल. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली यायचा, इतका पांढरा की त्या जागची सारवलेली जमीन दिसत नसे. पूर्ण जळालेला. पण तो चहाच्या वेळी भिंतीपाशी असायचा आणि जेवायच्या वेळी उखळापाशी, आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. तो कवडसा कुठून आलाय आणि आत्ता किती वाजलेत, हे त्याला ठाऊक असायचं. ब्रोशरमधल्या उन्हाला हे दोन्ही ठाऊक नाही.

*

ठाऊक नाही, हे सिद्ध करता येतं. त्यासाठी ब्रोशरच पुरतं.

पान सहावर हॉलचं चित्र. पान चौदावर फ्लोअर प्लॅन आणि त्यात कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. या फ्लॅटच्या हॉलची बाल्कनी उत्तरेला. आता सहावरचं ऊन मोजा. टाइल्स दोन फुटी, म्हणजे मोजायला सोपं: उन्हाचा चौकोन दारापासून दहा फूट आत पोचलाय, आणि त्याच्या कडा दाराच्या चौकटीला जवळजवळ सरळ आहेत. बाल्कनी पाच फूट खोल, वर स्लॅब साडेनऊ फुटांवर. शाळेतलं त्रिकोणमिती काढलं तर सूर्य क्षितिजापासून ३२ अंश किंवा त्याहून खाली हवा, आणि बरोबर उत्तरेला.

पुण्यात असा सूर्य कधीच नसतो. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दिवसभर दक्षिणेकडेच असतो. उत्तरेच्या भिंतीला तेव्हा थेट ऊन शिवतही नाही. २१ जूनला भर दुपारी तो किंचित उत्तरेकडे झुकतो खरा, पण तेव्हा ८५ अंशांवर, म्हणजे डोक्यावरच. बाल्कनीचा स्लॅब त्याला आत येऊ देणार नाही. त्याच दिवशी उगवताना तो उत्तरेपासून सुमारे ६५ अंश दूर, म्हणजे जवळजवळ पूर्वेलाच; त्याचं ऊन बाल्कनीत तिरकी पट्टी टाकून निघून जाईल. तेही ढग नसतील तर, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात ढग नसतील असं कोण म्हणेल? भर दुपारी उत्तरेला, ३० अंशांच्या आसपास सूर्य हवा असेल तर पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्यात जावं लागतं. जूनमध्ये मेलबर्नला असा असतो. तेव्हा माझ्या मावशीला दाखवलेला हॉल मेलबर्नचा आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, सजावटीचं ऊन आहे, एवढं काय मनावर घ्यायचं. रेराच्या २०१६च्या कायद्यात कलम १२ आहे: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या, खोट्या विधानावर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर बिल्डरने भरपाई द्यावी. खोलीचं माप हे विधान, स्विमिंग पूल हे विधान. मग ऊन? मी वकील नाही. पण मावशीने चित्र बघून तुळशीची जागा ठरवली होती, आणि तिच्यापुरतं ते विधान होतं. आपल्याकडे ऊन ही शोभेची गोष्ट नाही. त्यात पापड वाळतात, गाद्या तापतात, ओले टॉवेल सुकतात, लोणच्याच्या बरण्या ठेवल्या जातात. ब्रोशरच्या उन्हात कधी कपड्यांची दोरी बघितली आहे का?

मला स्वतःला सगळ्यात जास्त चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. प्लॅनवरून मी तो हॉल दोन रविवारी उभा केला. भिंती ०.८, कोपऱ्यातला सोफा मावशीचा जुना, सूर्य पुण्याचा. २१ डिसेंबर, दुपारी तीन. हॉलमध्ये थेट ऊन शून्य, जसं असायला हवं तसं. आणि चित्र सुंदर होतं. उत्तरेच्या आकाशाचा शांत, किंचित निळसर, एकसारखा उजेड. दारापाशी जास्त, सोफ्यापर्यंत येता येता मंद, टीव्हीच्या भिंतीवर जेमतेम. कुठेही काही जळत नव्हतं कारण जळायला काही नव्हतंच. चित्रकार आपल्या स्टुडिओला उत्तरेची खिडकी मागतात ती याच उजेडासाठी, कारण तो दिवसभर फारसा बदलत नाही. म्हणजे त्या फ्लॅटचा खरा गुण हाच होता, आणि 'आर्टिस्ट्स इम्प्रेशन'ने, कलावंताच्या नावावर, नेमका तोच पुसून त्याजागी मेलबर्नचं ऊन चिकटवलं. खोटं बोलायचंच होतं तर निदान गरज असेल तिथे बोलायचं!

मावशी-काकांना चित्र दाखवलं. काका म्हणाले, "अंधार वाटतोय जरा."

"काका, अंधार नाही. तुम्ही आत्ता ब्रोशर बघून आलात म्हणून वाटतंय. दोन मिनिटं बघत बसा."

ते खरंच बसले. मग म्हणाले, "टीव्हीवर चमक येणार नाही, हे बरंय."

मावशी चित्राकडे बघतच नव्हती. ती प्लॅनवर बोट फिरवत होती. "हे काय आहे गं, किचनच्या मागे?"

ड्राय बाल्कनी. चार बाय सहा फूट, वॉशिंग मशीनसाठी, पूर्वेला. ब्रोशरच्या चाळीस पानांत तिचं एकही चित्र नव्हतं; असणारही नाही, तिथे सफरचंदं ठेवायला जागा नाही. लेआउटमध्ये त्या बाजूला पार्किंग आणि पलीकडे एकमजली क्लबहाउस, म्हणजे पाचव्या मजल्यावर समोरून अडवणारं काही नाही.

त्याच रात्री मी तिचं रेंडर लावलं. २१ डिसेंबर, सकाळी आठ. सूर्य आग्नेयेकडून तिरका आला, ग्रिलच्या सळयांच्या सावल्या फरशीवर पडल्या, अर्धा अंश रुंदीच्या सूर्यामुळे लांब जाता जाता थोड्या मऊ झालेल्या. दोरीवरचा एक टॉवेल मी घातला होता, तो अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. कठड्याशी कुंडी. एक्स्पोजर असं ठेवलं की आतून, किचनच्या ओट्यापाशी उभं राहून बघणाऱ्याला कुंडीतली माती दिसावी. वॉशिंग मशीनचं पांढरं झाकण तेवढं जळालं. ते मी तसंच ठेवलं.